ज्वर, उष्मासंवेदी चेतापेशी आणि ‘नियत अंश’ : एका उपपत्तीचे परीक्षण

१

ज्वर म्हणजे केवळ शरीराचे तापणे नव्हे, तर शरीराने स्वतःच वरच्या अंशावर राखलेले तापमान होय, हा विचार आता शरीरक्रियाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात पूर्णपणे स्थिरावला आहे. हा वरचा अंश कोण ठरवितो व कसा ठरवितो, या प्रश्नाला गेल्या साठ वर्षांत जे उत्तर सर्वाधिक मान्य झाले ते असे : मेंदूच्या तळाशी आणि मस्तिष्कस्तंभात काही चेतापेशी तापमानाला संवेदनशील असतात, ज्वरजनक द्रव्ये त्यांची संवेदनशीलता बदलतात, त्यामुळे शरीराचा ‘नियत अंश’ वर सरकतो आणि शरीर त्या नव्या अंशाकडे चढू लागते. ही उपपत्ती आटोपशीर आहे, शिकविण्यास सोपी आहे आणि परीक्षेतील उत्तरास तर फारच सोयीची आहे. नेमक्या याच कारणाने तिची छाननी व्हावयास हवी.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ही उपपत्ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हा पहिला. तो पुरावा तिच्या साऱ्या विधानांचा भार पेलतो काय, हा दुसरा. आणि ‘नियत अंश’ ही मेंदूत सापडणारी वस्तू आहे की आपण सोयीसाठी वापरलेले रूपक आहे, हा तिसरा.

हे प्रश्न केवळ प्रयोगशाळेचे नाहीत. मे महिन्यात नागपुरात पारा कित्येक दिवस ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. अशा दिवसांत इतवारीच्या बोळांत, धान्याच्या आणि किराण्याच्या पेठेत, पाठीवर पोते घेऊन चालणारा हमाल दुपारी कोसळला, तर त्याचे अंग हाताला तापलेलेच लागते. जुलै-ऑगस्टमध्ये हिवतापाने आजारी पडलेल्याचेही अंग तसेच तापलेले असते. तापमापकावर दोघांचा आकडा एकच येऊ शकेल. तथापि पहिल्याला ज्वर आहे असे मानून ज्वरघ्न गोळी देत बसणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. दोन तापलेल्या देहांतला हा भेद जी उपपत्ती स्पष्ट करते, ती किती दृढ आहे हे पाहणे म्हणूनच आपले काम आहे.

२

प्रथम आपल्या भाषेकडे वळू. कारण या विषयातील मूळ निरीक्षण मराठीने आपल्या शब्दांत जतन केले आहे. ‘हिवताप’ या शब्दात हिव म्हणजे थंडी आणि ताप हे दोन विरोधी अनुभव एकत्र नांदतात. ‘थंडीताप’ हा शब्दही तसाच. तापमान वाढत असताना रोग्याला थंडी वाजते, हुडहुडी भरते, तो पांघरूण मागतो. आणि तापमान उतरू लागले की त्याला उकडते व घाम सुटतो. ताप ‘चढतो’ आणि ‘उतरतो’ हे आपले क्रियाप्रयोगही पातळीच्या कल्पनेवर आधारलेले आहेत. उन्हाचे मात्र तसे नाही. ऊन ‘लागते’, लू ‘लागते’. ती बाहेरून येऊन देहावर आदळते. ज्वर आतून चढतो आणि ऊन बाहेरून लागते, हा भेद सामान्य बोलीने केव्हाच केलेला आहे.

आयुर्वेदातील विचारही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय ज्वराला वाहिलेला आहे. सुश्रुताने व त्याला अनुसरून माधवनिदानाने ज्वराची जी लक्षणे एकत्र सांगितली आहेत, त्यांत घाम अडणे, संताप होणे आणि सर्व अंग धरल्यासारखे होणे या तिहींचा समावेश होतो. यातील घाम अडण्याचा उल्लेख मोलाचा आहे. देह तापलेला असूनही घाम अडावा, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग देहाने मिटून घ्यावा, ही गोष्ट त्या निरीक्षकांच्या नजरेतून सुटली नाही. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निरीक्षण अचूक असले म्हणजे त्याला जोडलेले स्पष्टीकरणही आजच्या स्पष्टीकरणाशी जुळते असे नव्हे. जठराग्नी आपले स्थान सोडून बाहेर पडतो, या विवेचनात चेतापेशींचा शोध घेणे हा त्या ग्रंथांवरही अन्याय आहे आणि विज्ञानावरही. पूर्वसूरींचा गौरव त्यांच्या निरीक्षणासाठी करावा. त्यांच्या तोंडी आपली परिभाषा घालू नये.

पाश्चात्य वैद्यकात हा भेद सिद्धान्ताच्या स्वरूपात मांडण्याचे श्रेय जर्मन वैद्य लीबरमाइस्टर याला दिले जाते. १८६८ मध्ये वुंडरलिख याने रोगातील तापमानाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून तापमापकाला रुग्णशय्येजवळ मानाचे स्थान मिळवून दिले होते. १८७५ मध्ये लीबरमाइस्टरने त्यापुढचे पाऊल टाकले. ज्वरात तापमानाचे नियंत्रण ढासळत नाही, ते केवळ वरच्या पातळीवर नेले जाते, असे त्याने प्रतिपादन केले. ज्वरग्रस्त माणसाला थंड पाण्यात बसविले तर तो कुडकुडून आपले वाढलेले तापमान राखू पाहतो. निरोगी माणूस आपले ३७ अंश राखतो तसाच. या एका निरीक्षणात पुढील शतकाच्या संशोधनाचे बीज आहे.

३

नियंत्रण आहे म्हटल्यावर नियंत्रकाचा शोध ओघानेच आला. १८८५ मध्ये आरोनसोन व झाख्स यांनी सशाच्या मेंदूत सुई खुपसून तापमान वाढते असे दाखविले. १९१२ मध्ये बार्बर याने सशाच्या मेंदूत बारीक नळ्या बसवून त्यांतून गरम व थंड पाणी खेळविले. मेंदूचा तो भाग गरम केला की देहाचे तापमान घटे, थंड केला की वाढे. १९३८ मध्ये मॅगून, हॅरिसन, ब्रॉबेक व रॅन्सन यांनी मांजराच्या हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग विद्युत्प्रवाहाने स्थानिकरीत्या तापवून धाप व घाम उत्पन्न केला. मेंदूचा हा चिमुकला प्रदेश स्वतःचे तापमान जाणतो आणि त्यानुसार साऱ्या देहाला आज्ञा देतो, हे येथवर सिद्ध झाले.

प्रदेश सापडला, पेशी सापडावयाच्या होत्या. १९६१ मध्ये नाकायामा, आयझेनमन व हार्डी यांनी सूक्ष्म विद्युदग्र वापरून एकेका पेशीचे आवेग नोंदले आणि स्थानिक तापमान वाढविले असता काही पेशींच्या आवेगांची गती स्पष्टपणे वाढते असे दाखविले. या उष्णसंवेदी पेशी होत. तापमान उतरले असता गती वाढणाऱ्या शीतसंवेदी पेशीही मिळाल्या, पण संख्येने बऱ्याच कमी. उरलेल्या बहुसंख्य पेशी तापमानाबाबत जवळजवळ उदासीन ठरल्या. याच आधारावर हॅमेल याने १९६० नंतरच्या वर्षांत आपली प्रतिकृती मांडली. तिचे मर्म असे : उष्णसंवेदी पेशींचा आलेख तापमानाबरोबर तीव्रतेने चढतो, उदासीन पेशींचा आलेख जवळजवळ सपाट राहतो, हे दोन आलेख जेथे परस्परांना छेदतात तो नियत अंश. छेदबिंदूच्या वर गेल्यास उष्णता टाकावी, खाली आल्यास उष्णता निर्मावी.

ज्वराचा प्रवेश या चित्रात १९६८ मध्ये झाला. त्या वर्षी कबानाक, स्टॉलविक व हार्डी यांनी सशाच्या मस्तिष्कस्तंभातील एकेका पेशीवर, आणि विट व वांग यांनी मांजराच्या हायपोथॅलॅमसमधील पेशींवर ज्वरजनक द्रव्याचा परिणाम अभ्यासला. द्रव्य दिल्यावर उष्णसंवेदी पेशींचा प्रतिसाद मंदावला. ॲस्पिरिनच्या जातीचे औषध दिल्यावर विट व वांग यांच्या प्रयोगात तो पूर्ववत होऊ लागला. हॅमेलच्या चित्रात हे चपखल बसले. उष्णसंवेदी पेशींचा आलेख खाली दबला म्हणजे छेदबिंदू उजवीकडे, वरच्या तापमानाकडे सरकणार, हाच ज्वर.

हे सर्व प्रयोग आजही आदरास पात्र आहेत. एका रोगलक्षणाचा धागा थेट एकेका पेशीच्या वर्तनापर्यंत नेऊन भिडविणे हे त्या काळी मोठेच धाडस होते, आणि ते यशस्वी झाले यात संशय नाही. मात्र ‘पेशींचा प्रतिसाद बदलतो’ हे निरीक्षण आणि ‘म्हणून ज्वर येतो’ हे अनुमान या दोहोंमध्ये अंतर आहे. ते अंतर विवेचनाच्या ओघात अनेकदा न दिसताच ओलांडले जाते.

४

पहिला आक्षेप प्रयोगाच्या परिस्थितीविषयी. हे प्राणी बधिर केलेले होते. बधिरकारक औषधे तापमानाचे नियंत्रण मंदावतात किंवा जवळजवळ नाहीसे करतात. ज्या प्राण्यात ज्वराची संपूर्ण प्रक्रिया घडूच शकत नाही, त्याच्या पेशींतील बदल हा ज्वराचे कारण म्हणून मांडताना हात आखडता घ्यावयास हवा. पेशींचा बदल ज्वराशी सुसंगत आहे, एवढेच विधान येथे न्याय्य ठरते.

दुसरा आक्षेप ‘संवेदी’ या संज्ञेविषयी. तापमान वाढले की सर्वच रासायनिक क्रिया जलद होतात; चेतापेशीही त्याला अपवाद नाही. मग कोणती पेशी केवळ तापली आणि कोणती खरोखर तापमान ‘जाणते’, हे ठरवावयाचे कसे? बूलंट व त्याच्या सहकाऱ्यांनी दर अंशाला, दर सेकंदास ०.८ आवेगांची वाढ हा निकष वापरला आणि तो रूढ झाला. निकष सोयीचा आहे. पण निसर्गाने तेथे रेघ ओढलेली नाही, ती आपण ओढली आहे. ०.७ ची पेशी उदासीन आणि ०.९ ची पेशी संवेदी, असे मेंदू मानतो काय? या आक्षेपाला मात्र पुढे बऱ्याच अंशी समाधानकारक उत्तर मिळाले. १९८० नंतर मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून केलेल्या प्रयोगांत पेशी-पेशींतील संदेशवहन रोखले, तरीही उष्णसंवेदी पेशींची संवेदनशीलता टिकून राहिली. शीतसंवेदी पेशींची बहुतेक संवेदनशीलता मात्र मावळली. म्हणजे उष्णसंवेदन हा त्या पेशींचा स्वतःचा गुण आहे, आणि शीतसंवेदन हा मुख्यतः शेजाऱ्यांकडून मिळालेला. २०१६ मध्ये सोंग व सहकाऱ्यांनी हायपोथॅलॅमसच्या उष्णसंवेदी पेशींतील टीआरपीएम-२ या नावाची आयनवाहिनी दाखवून दिली. ती नसलेल्या उंदरांत ज्वर अधिक चढतो. ही वाहिनी ज्वराचा कळस गाठू न देणारी लगाम आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तिसरा आक्षेप स्थानाविषयी आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘मस्तिष्कस्तंभ’ या शब्दाची व्याप्ती त्या काळच्या लेखनात सैल होती. हायपोथॅलॅमसलाही पुष्कळदा त्यातच गणले जाई. आज आपण मध्यमेंदू, पॉन्स व लंबमज्जा एवढ्यालाच मस्तिष्कस्तंभ म्हणतो. जुना निबंध वाचताना हा शब्दभेद ध्यानात न ठेवल्यास मोठा घोटाळा होतो. कारण या दोन ठिकाणच्या पेशींची कामे भिन्न आहेत. त्वचेवरील उष्ण-शीत संवेदना पाठीच्या कण्यातून वर येते ती पॉन्समधील पॅराब्रॅकियल केंद्रातून पुढे हायपोथॅलॅमसच्या प्रीऑप्टिक प्रदेशात जाते. नाकामुरा व मॉरिसन यांनी २००८ व २०१० मध्ये हा मार्ग उंदरांत स्पष्ट केला. उलट दिशेने, प्रीऑप्टिक प्रदेशाची आज्ञा लंबमज्जेतील राफे पॅलिडस या केंद्रातून खाली उतरते आणि तपकिरी मेदाचे ज्वलन, त्वचेतील रक्तवाहिन्यांचे आकुंचन व हृदयाची गती यांवर अंमल करते. २००२ मध्ये दाखविले गेले की राफे पॅलिडसमधील पेशी तात्पुरत्या निष्क्रिय केल्या तर प्रीऑप्टिक प्रदेशात प्रोस्टाग्लँडिन टोचूनही ज्वर चढत नाही.

यावरून निष्कर्ष असा की मस्तिष्कस्तंभातील ज्या पेशी तापमानानुसार आपली गती बदलताना दिसतात, त्या सर्व तापमान मोजणाऱ्या आहेत असे मानण्याचे कारण नाही. कोणी त्वचेची वर्दी वर पोचविणाऱ्या आहेत, कोणी वरची आज्ञा खाली नेणाऱ्या आहेत. टपालवाटप्याच्या पिशवीत पत्र सापडले म्हणून पत्र त्यानेच लिहिले असे आपण म्हणत नाही. ज्वरात या पेशींचा वाटा अपरिहार्य आहे, हे खरे. त्यांच्यावाचून ज्वर चढत नाही, हेही खरे. पण ‘अपरिहार्य’ आणि ‘निर्णायक’ ही विशेषणे एकच नव्हेत, आणि १९६८ च्या नोंदींवरून त्यांतील फरक करता येत नव्हता.

५

हा फरक करण्याची साधने रसायनशास्त्राने व पुढे आनुवंशिकीने पुरविली. १९४८ मध्ये बीसन याने पांढऱ्या रक्तपेशींपासून ज्वरजनक द्रव्य मिळविले आणि ज्वराची प्रेरणा बाहेरच्या जंतूंइतकीच देहाच्या स्वतःच्या रक्षकांकडूनही येते, हे उघड केले. १९७० च्या सुमारास मिल्टन व वेंडलांट यांना प्रोस्टाग्लँडिन मेंदूच्या पोकळीत टोचल्यावर मांजराला ज्वर येतो असे आढळले. १९७१ मध्ये व्हेन याने ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते हे सिद्ध केले. या कार्यासाठी तो १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला. ज्वरघ्न औषधे ज्वर उतरवितात पण निरोगी माणसाचे तापमान कमी करीत नाहीत, या जुन्या कोड्याचा उलगडा यातून झाला.

१९९८ मध्ये उशिकुबी व सहकाऱ्यांनी ईपी-३ हा प्रोस्टाग्लँडिनचा ग्राहक नसलेल्या उंदरांना ज्वर येत नाही असे दाखविले. २००७ मध्ये हा ग्राहक प्रीऑप्टिक प्रदेशातील एका लहानशा केंद्रापुरताच काढून टाकला, तरीही ज्वर मोठ्या प्रमाणात नाहीसा झाला. २०२२ मध्ये नाकामुरा व सहकाऱ्यांनी याच ईपी-३ धारक पेशी भोवतालच्या उष्णतेने उद्दीपित होतात, प्रोस्टाग्लँडिनने मात्र दबतात, असे नोंदविले. या पेशी सामान्यतः खालच्या उष्णतानिर्मितीवर सतत निरोध ठेवतात. निरोध सैल झाला की राफे पॅलिडसच्या पेशी मोकळ्या होतात आणि देह तापू लागतो.

या ठिकाणी १९६८ च्या संशोधकांना द्यावयाचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. उष्णतेने जागणारी आणि ज्वरजनक प्रेरणेने दबणारी पेशी त्यांनी विद्युदग्राने पाहिली होती. तिचे नाव, तिचा ग्राहक व तिचा मार्ग पन्नास वर्षांनी समजला. त्यांचे अनुमान त्यांच्या पुराव्याच्या पुढे गेले होते. परंतु ते योग्य दिशेने पुढे गेले होते. समीक्षकाने हे दोन्ही सांगितले पाहिजे.

तथापि चित्र तेवढ्यावर संपत नाही. २०२२ मध्येच ओस्टरहाउट व सहकाऱ्यांनी प्रीऑप्टिक प्रदेशाच्या खालच्या भागात पेशींचा आणखी एक गट दाखविला. हा गट संसर्गाच्या संकेतांनी दबत नाही, उलट उद्दीपित होतो. आणि त्याच्या उद्दीपनाने तापमान वाढते, अन्नावरची वासना जाते व प्राणी उबेची जागा शोधू लागतो. म्हणजे ज्वर ही केवळ उष्णसंवेदी पेशी मंदावण्याची गोष्ट नव्हे. काही पेशी निजविल्या जातात, काही जागविल्या जातात, आणि तापमानाच्या जोडीला रोग्याचे सारे वर्तनच पालटते. रोगी कोपऱ्यात, पांघरुणात, न खाता पडून राहतो हे आपण परिणाम म्हणून पाहत आलो. वस्तुतः तो ज्वराच्या रचनेचाच एक भाग आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा मेंदूत विद्युदग्र न घालताच मिळाला होता. वाळवंटी इग्वाना हा सरडा स्वतःची उष्णता निर्माण करू शकत नाही. तो उन्हात सरकतो किंवा सावलीत जातो. क्लूगर व सहकाऱ्यांनी १९७४-७५ मध्ये या सरड्यांना जंतूंचा संसर्ग करून पाहिला. संसर्ग झालेल्या सरड्यांनी अधिक उष्ण जागा निवडली, आणि ज्यांना उष्ण तापमानात ठेवले त्यांतील अधिक सरडे वाचले. ज्याच्याजवळ भट्टी नाही तोही ज्वर ‘करतो’; पायांनी करतो. लीबरमाइस्टरच्या मूळ विचाराला याहून चांगले समर्थन क्वचितच सापडेल.

६

आता ‘नियत अंश’ या कल्पनेकडे येऊ. ही कल्पना यंत्रशास्त्रातून आली. खोली उबदार ठेवणाऱ्या यंत्रात एक खुंटी असते. ती २० वर ठेवली की यंत्र २० राखते. मेंदूत अशी खुंटी कोठे आहे? हॅमेलच्या प्रतिकृतीत ती दोन आलेखांच्या छेदबिंदूत होती. परंतु हा छेदबिंदू कागदावरचा आहे. मेंदूत दोन गटांच्या गतींची तुलना करणारी स्वतंत्र पेशी असल्याचा निःसंदिग्ध पुरावा मिळालेला नाही. १९७८ मध्ये सॅटिनॉफ हिने तापमानाचे नियंत्रण एका केंद्रात नसून मज्जासंस्थेच्या निरनिराळ्या पातळ्यांवर पसरलेल्या अनेक नियंत्रकांत आहे, असे मांडले. २००७ मध्ये रोमानोव्स्की याने त्याहून पुढे जाऊन ‘नियत अंश’ हा शब्दच सोडून द्यावा, असे सुचविले. घाम, कुडकुडणे, त्वचेतील रक्तप्रवाह, उबेचा शोध या प्रत्येकाचे नियंत्रण आपापल्या मार्गाने होते, प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असतो, आणि आपण ज्याला नियत अंश म्हणतो तो या साऱ्यांच्या समतोलातून निघालेला आकडा असतो, असे त्याचे म्हणणे आहे.

हा युक्तिवाद वजनदार आहे. ‘नियत अंश वाढला म्हणून ताप वाढला’ या विधानात नियत अंश वाढल्याचा पुरावा कोणता, तर ताप वाढला हाच. असे असेल तर ते विधान स्पष्टीकरण नसून पुनरुक्ती होय. शिवाय तीव्र संसर्गात नेहमीच तापमान वाढते असेही नाही. जंतुविषाची मात्रा मोठी असेल तर उंदीर थंड जागा शोधतो व त्याचे तापमान घटते. जंतुदोष रक्तात पसरलेल्या काही रुग्णांतही तापमान घटलेले आढळते. एका खुंटीच्या कल्पनेने हे उलगडत नाही.

आमच्या हवामानाला अगदी जवळचे आणखी एक उदाहरण आहे. देहातील पाणी कमी झाले आणि रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले, की घाम व धाप सुरू होण्याचा उंबरठा वर सरकतो. प्राणी पाणी वाचवितो आणि अधिक तापमान सोसतो. मेंदूच्या कापांवरील प्रयोगांत तापमान जाणणाऱ्या काही पेशी क्षारांच्या प्रमाणालाही प्रतिसाद देतात असे दिसले आहे. तहानलेल्या माणसाचा उंबरठा वर सरकला, तर मग त्याला ज्वर म्हणावयाचे काय? जंतू नाहीत, प्रोस्टाग्लँडिनची प्रेरणा नाही, ज्वरघ्न औषधाचा उपयोग नाही. तरीही घाम अडला आहे आणि देह तापतो आहे. ‘नियत अंश वाढणे म्हणजे ज्वर’ ही व्याख्या प्रमाण मानली तर हा ज्वर ठरेल, आणि उपचार चुकेल. येथे व्याख्येपेक्षा विदर्भातील घराघरांतली रीत अधिक शहाणी ठरते. उन्हातून आलेल्याला गूळ-मीठ घातलेले कैरीचे पन्हे देणारी गृहिणी पाणी व मीठ दोन्ही परत करते आणि मेंदूतल्या त्या उंबरठ्याला खाली येण्यास वाव देते.

असे असूनही ‘नियत अंश’ हा शब्द सर्वस्वी टाकून द्यावा, या रोमानोव्स्कीच्या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. ज्वर चढताना कुडकुडणे, रक्तवाहिन्यांचे आकुंचन आणि उबेची ओढ हे सारे मार्ग एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेळी सरकतात. प्रत्येक मार्ग स्वतंत्र असेल तर ही एकवाक्यता कोठून येते, याचे उत्तर द्यावेच लागते. ईपी-३ धारक पेशींच्या एका लहान गटावर प्रोस्टाग्लँडिनची क्रिया झाल्याने अनेक मार्ग एकदम मोकळे होतात, हे आजचे उत्तर पुष्कळसे समाधानकारक आहे. तेव्हा ‘नियत अंश’ हे वर्णन म्हणून वापरावे, कारण म्हणून वापरू नये. विद्यार्थ्याने ‘नियत अंश वाढला’ असे लिहिल्यावर लेखणी खाली ठेवू नये. कोणत्या पेशी दबल्या, कोणत्या मोकळ्या झाल्या, आणि कोणता मार्ग सुटला हे पुढे लिहावे.

७

या विवेचनाची कसोटी ज्वर आणि उष्माघात यांच्या भेदावर घ्यावयाची आहे. ज्वरात नियंत्रण शाबूत असते आणि ते वरच्या पातळीवर काम करीत असते. उष्माघातात देहात येणारी व निर्माण होणारी उष्णता ही ती बाहेर टाकण्याच्या शक्तीहून अधिक झालेली असते. तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि मेंदूचेच कार्य बिघडते, माणूस बरळतो किंवा शुद्ध हरपतो. ज्वरात प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखणारे औषध देण्यात अर्थ आहे. उष्माघातात रोखावयाला तशी प्रेरणाच नसते, आणि अशा वेळी ही औषधे यकृत व मूत्रपिंडांवरचा भार तेवढा वाढवितात. ज्वरात अंगावर बर्फासारखे पाणी ओतले तर रोगी कुडकुडतो आणि ताप अधिक चढविण्याचा प्रयत्न करतो. उष्माघातात त्वरेने गार करणे हाच मुख्य उपचार होय. गोळी शोधण्यात गेलेला अर्धा तास तेथे भरून निघत नाही.

२०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेच्या लाटेसाठी कृती-आराखडा आखला आणि पुढे नागपुरानेही तसा आराखडा स्वीकारला. अशा आराखड्यांचे यश शेवटी इतवारीला लागून असलेल्या मेयो रुग्णालयाच्या दारात, किंवा त्याही आधी पेठेतील एखाद्या दुकानाच्या ओट्यावर, हा भेद ओळखला जातो की नाही यावर अवलंबून राहील.

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखविली आणि शहरात खळबळ उडाली. ही नोंद यंत्रातील दोषामुळे झाली, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. ही घटना आपल्या विषयाला एक उत्तम दृष्टान्त पुरविते. मोजणारे यंत्र बिघडले तर आकडा चुकतो, हवा बदलत नाही. ज्वरात मात्र मोजणाऱ्या पेशींचा प्रतिसाद बदलला की देह आपले प्रत्यक्ष तापमान त्या बदललेल्या मापाशी जुळवून घेतो. उष्माघातात माप खरे असते आणि संकटही खरेच असते. फक्त देहाची शक्ती अपुरी पडते. तीन ठिकाणी तापमापकावरचा आकडा मोठा. तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा.

उष्मासंवेदी पेशींची उपपत्ती या परीक्षणातून मोडून पडत नाही. ती अधिक मर्यादित व अधिक भरीव होऊन बाहेर येते. प्रीऑप्टिक प्रदेशातील उष्णसंवेदी पेशींचा ज्वरातील वाटा आता अनुमानापुरता राहिलेला नाही. मस्तिष्कस्तंभातील केंद्रे वर्दी आणणारी व आज्ञा बजावणारी आहेत; त्यांच्यावाचून ज्वर नाही, पण ज्वराचा निर्णय त्यांचा नाही. आणि या साऱ्यांवर पसरलेला ‘नियत अंश’ हा शब्द आपल्या विचाराची खूण आहे, मेंदूतील अवयव नव्हे. मात्र या ज्ञानाचा मोठा भाग उंदीर, ससे व मांजरे यांच्यापासून मिळालेला आहे. उंदराचा ज्वर प्रामुख्याने तपकिरी मेदाच्या ज्वलनावर चढतो आणि तो माणसासारखा घाम गाळत नाही. घामावर जगणाऱ्या आणि नागपूरच्या उन्हात राबणाऱ्या माणसाच्या मस्तिष्कस्तंभाविषयी बोलताना हे अंतर विसरता येणार नाही. पुढील अभ्यासकाने काम येथून सुरू करावे.